मदत हवी आहे: दोन रिपोर्ट, दोन वेगळे आकडे, मार्केट साइझ नक्की कुठली धरायची?

हिशेबी:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. मार्केट साइझ काढायची आहे, फक्त सेकंडरी डेटावरून, सर्व्हेला ना वेळ आहे ना बजेट. नेटवर दोन रिपोर्टांचे फुकटचे सारांश मिळाले पण दोघांचे आकडे वेगळे, थोडाथोडका नाही, जवळजवळ तिप्पट फरक आहे. साहेबांना सोमवारी एकच आकडा हवाय. सरकारी साइटवर गेलो तर नुसते कोड आणि टेबलं, काय उघडायचं तेच कळेना. कुठला रिपोर्ट धरू? प्लीज लवकर सांगा.

काठावरचा:
कशाची मार्केट साइझ? कुठला देश? नग मोजताय की रक्कम? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

थेटभेट:
मी तर म्हणेन सेकंडरीच्या नादी लागूच नका. दुसऱ्याने दुसऱ्याच कामासाठी गोळा केलेला डेटा तो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात असेलच कशावरून? शंभरेक ग्राहकांशी बोला, चित्र स्वच्छ होतं.

हिशेबी:
@थेटभेट सर्व्हे नाही करायचाय हो, वर लिहिलंय.
@काठावरचा श्रवणयंत्रं. जर्मनी आणि नेदरलँड्स. रक्कम हवी आहे.

पानगळ:
चॅटबॉटला विचारा, दोन मिनिटांत आकडा देतो, सोबत सोर्सही.

आकडेमोड:
@पानगळ तो सोर्स एकदा उघडून बघा. मला दिलेल्या लिंकवर पान होतं, संस्था खरी होती, तो आकडा मात्र त्या पानावर कुठेच नव्हता. शोधायला वापरा जरूर, पण आकडा मूळ टेबलात डोळ्यांनी बघितल्याशिवाय उचलू नका.

हिशेबी, तिप्पट फरकाचं म्हणाल तर या धंद्यात ते अगदी होण्यासारखं आहे. एक जण कंपनीने दुकानदाराला ज्या भावात माल दिला तो मोजतो, दुसरा ग्राहकाने शेवटी मोजलेली रक्कम, आणि तिच्यात तपासणी, फिटिंग, नंतरची सर्व्हिस सगळं येतं. तिसरा त्यात कॉक्लियर इम्प्लांटही, म्हणजे ऑपरेशन करून बसवायचं उपकरणही धरतो. तिघेही वर शीर्षक एकच देतात. त्यामुळे कुठला धरू हे विचारण्याआधी कशात काय धरलंय ते बघा.

दुपारचा चहा:
फुकटच्या सारांशावरून ते कळणार नाही. पूर्ण रिपोर्ट विकत घ्या, मेथडॉलॉजीचं, म्हणजे आकडा कसा काढला ते सांगणारं पान त्यातच असतं. कंपनीच्या कामासाठी एवढा खर्च करायलाच हवा.

आकडेमोड:
घ्या, पण पैसे देण्याआधी विक्रेत्याला मेल टाका की व्याख्या काय, किंमत कुठल्या टप्प्यावरची, सर्व्हिस धरलीय का, आणि मूळ डेटा कुठून आला. ज्याला हे सांगता येत नाही त्याचा रिपोर्ट घेऊन उपयोग नाही. शिवाय एकाचा आकडा दुसरा उचलतो, मग चार ठिकाणी तोच दिसला की आपल्याला वाटतं चौघांनी दुजोरा दिला.

माळरान:
जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा श्रवणावरचा अहवाल आहे ना! जगात दीडशे कोटींहून जास्त लोकांना कमी ऐकू येतं. लोकसंख्येच्या प्रमाणात दोन्ही देशांना वाटून टाका, झालं काम.

काठावरचा:
दीडशे कोटींत अगदी किरकोळ कमी ऐकू येणारेही आले. त्याच अहवालात उपचार किंवा पुनर्वसनाची गरज असलेले सुमारे ४३ कोटी म्हटलंय. आणि तीही गरज आहे, खरेदी नाही. ज्यांना यंत्राचा फायदा होईल त्यातले कितीतरी जण कधी घेतच नाहीत. जगाचा आकडा असा दोन देशांना वाटायचा नसतो.

आकडेमोड:
आता सरकारी कोडांकडे. एचएस कोड म्हणजे आयात-निर्यातीत मालाला जगभर वापरतात तो क्रमांक. तुमचा ९०२१.४०, म्हणजे पूर्ण श्रवणयंत्र, सुटे भाग यात येत नाहीत. आयात-निर्यात यूएन कॉमट्रेडवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार डेटाबेसवर मिळेल, पण युरोपसाठी युरोस्टॅटचं, म्हणजे युरोपियन युनियनच्या सांख्यिकी खात्याचं, कॉमेक्स्ट हे व्यापाराचं डेटाबेस जास्त बारीक आहे, आठ आकडी कोडपर्यंत. देशातलं उत्पादन प्रॉडकॉममध्ये, ती युरोस्टॅटचीच कारखान्यांच्या उत्पादनाची आकडेवारी. उत्पादन अधिक आयात वजा निर्यात केलं की देशात राहिलेला माल कळतो, तोही फॅक्टरीच्या किंवा सीमेवरच्या भावात, दुकानातल्या नव्हे. आयात बहुतेक ठिकाणी विमा-भाडं धरून नोंदवतात आणि निर्यात ते न धरता, म्हणून जर्मनीने दाखवलेली डेन्मार्कची आयात आणि डेन्मार्कने दाखवलेली जर्मनीला निर्यात जुळली नाही तर घाबरू नका.

नेदरलँड्सला मात्र सांभाळून. तिथे माल उतरतो आणि पुढे दुसऱ्या देशांत जातो, याला तिथल्या बंदराच्या नावावरून रॉटरडॅम इफेक्टच म्हणतात. नुसती आयात बघून मार्केट काढलंत तर भलताच फुगलेला आकडा येईल. त्यांचं सांख्यिकी खातं पुनर्निर्यात वेगळी दाखवतं, ती वजा करायची.

चकोर:
एवढी यातायात कशाला, कंपन्यांचे वार्षिक अहवाल बघा की. सोनोवा, डिमांट, जीएन, सगळ्या लिस्टेड आहेत, बेरीज मारा.

आकडेमोड:
अहवाल बघायलाच हवेत, पण बेरीज मारू नका. सोनोवाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, डिमांटचं डिसेंबरला. एक स्विस फ्रँकमध्ये लिहितो, दुसरा डॅनिश क्रोनरमध्ये. त्यात दोघेही यंत्र बनवतात आणि स्वतःची विक्री केंद्रंही चालवतात, त्यामुळे एकाचं यंत्र दुसऱ्याच्या केंद्रात विकलं गेलं की ते दोघांच्या उत्पन्नात दिसतं. सेगमेंटनिहाय, म्हणजे यंत्रविक्री आणि केंद्रं यांचे, आकडे वेगळे काढल्याशिवाय हात लावू नका.

माळरान:
गूगल ट्रेंड्स कुणी सांगितलं नाही? २००४ पासूनचा डेटा आहे, फुकट.

काठावरचा:
तिथे ० ते १०० ची सापेक्ष स्केल असते, किती लोकांनी शोधलं तो आकडा मिळतच नाही. मोसम किंवा कल बघायला ठीक, साइझ कशी काढणार? गूगलने सर्चवरून फ्लूचा अंदाज सांगणारी सेवा २००८ मध्ये काढली होती, २०१२-१३ च्या साथीत तिचा अंदाज प्रत्यक्षाच्या बराच वर गेला आणि २०१५ मध्ये ती बंद केली.

थेटभेट:
बघा, म्हणूनच म्हणतो लोकांना थेट विचारा.

काठावरचा:
थेट विचारूनही चुकतं. १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांच्या वर परत आल्या, त्यावरून रूझवेल्टचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार म्हणाले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन आले.

थेटभेट:
आणि त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून बरोबर सांगितलं, तोही सर्व्हेच होता! दोष नमुना निवडण्याचा, विचारण्याचा नाही.

हिशेबी:
मंडळी निवडणूक राहू द्या प्लीज. एक सांगायचं राहिलं, आम्ही श्रवणयंत्रं विकत नाही. रात्री यंत्र ठेवून आतली ओल काढायचा छोटा डबा असतो ना, ड्राय बॉक्स, तो विकायचाय. मला वाटलं यंत्रांचं मार्केट काढलं की त्याचे काही टक्के धरता येतील.

काठावरचा:
अहो हे पहिल्या ओळीत हवं होतं! सगळा हिशेब बदलला.

आकडेमोड:
बदलला, आणि सोपा झाला. रकमेचे टक्के विसरा. ड्राय बॉक्सला स्वतःचा एचएस कोड नाही, त्यामुळे व्यापाराच्या आकड्यांतून तो थेट सापडणार नाही. तुम्हाला हवीत यंत्र वापरणारी माणसं. यंत्रं नव्हेत, माणसं. बरेच जण दोन्ही कानांना लावतात आणि दोन्ही यंत्रं एकाच डब्यात मावतात, म्हणून विकलेल्या नगांवरून गेलात तर अंदाज उगाच वर जाईल.

यासाठी युरोट्रॅक बघा, युरोपातल्या उत्पादकांच्या संघटनेचा सर्व्हे आहे, २००९ पासून, जर्मनीत त्याच्या अनेक फेऱ्या झाल्यात. कमी ऐकू येतं असं किती जण सांगतात, त्यातल्या कितींकडे यंत्र आहे, एका कानाला की दोन्ही, यंत्र किती जुनं, सगळं मिळतं. थेटभेट, तुमचा सर्व्हेच आहे हा, दुसऱ्याने करून ठेवलेला. फक्त तो उत्पादकांचा आहे हे लक्षात ठेवून वाचायचं, आणि माणूस स्वतःहून काय सांगतो ते श्रवणचाचणीच्या निकालाशी जुळेलच असं नाही.

चकोर:
पडताळ्याला झिंक-एअर सेल बघा, एचएस ८५०६.६०. ही बटणासारखी बॅटरी मुख्यतः श्रवणयंत्रांतच जाते, आयातीवरून वापर कळेल.

आकडेमोड:
कल्पना छान आहे, पण चार्जिंगवाली यंत्रं वाढताहेत, त्यांना हा सेल लागत नाही. सेलचा खप उतरला म्हणून यंत्रं वापरणारे कमी झाले असं धरलंत तर फसाल. जुन्या वर्षांसाठी वापरा.

हिशेबी:
प्रॉडकॉम उघडलं. जर्मनीच्या रकान्यात आकड्याऐवजी नुसतं सी अक्षर आहे. डाउनलोड बिघडलाय का?

आकडेमोड:
नाही, तो गोपनीय आकडा आहे. देशात उत्पादक मोजकेच असले की एकेका कंपनीचं उत्पादन उघड होऊ नये म्हणून झाकतात. त्या जागी शून्य अजिबात भरू नका, नाहीतर वजाबाकीत मार्केट उणेही येऊ शकतं. तुमचं काम आता युरोट्रॅकवर आहे, प्रॉडकॉम सोडलं तरी चालेल. लोकसंख्या आणि वयोगट युरोस्टॅटवरून घ्या, ते युरोट्रॅकच्या प्रमाणांनी गुणा, आणि वापरणाऱ्यांपैकी किती जण डबा घेतील ते गृहीतक वेगळ्या रकान्यात ठेवा, कमी-मध्यम-जास्त असं, म्हणजे साहेबांनी विचारलं तर तेवढाच आकडा बदलून दाखवता येईल. नेदरलँड्ससाठी कुठल्या वर्षाची फेरी मिळतेय ते इथे टाका, वर्ष जर्मनीच्या बरोबरीचं नसेल तर दोन्ही एकाच तक्त्यात घालण्याआधी बोलू.