चार दिवसांच्या मुक्कामात परराज्याचं समन्स हातात पडलं तर?

एडिसनकर: न्यू जर्सीत राहणारा माणूस मुलांना भेटायला चार दिवस कॅलिफोर्नियात गेला. तिथेच बायकोच्या घटस्फोटाच्या दाव्याचं समन्स त्याच्या हातात दिलं. त्याचं घर, नोकरी, बँक खातं, तिथे काहीच नाही. मग तिथल्या कोर्टाचा त्याच्यावर अधिकार कसा? कागद बाजूला ठेवून परतला तर?

कलमबहाद्दर: अधिकार येतो. 1990 च्या बर्नहॅम खटल्यात हेच घडलं होतं, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियासकट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकालावर नऊही न्यायाधीशांचं एकमत झालं, कारणांवर मात्र नाही. स्कॅलिया यांच्या मते राज्यात हजर असताना बजावणी झाली (समन्स हातात दिलं), ही जुनी रीत पुरेशी. ब्रेनन यांच्या मते पाहुणाही तिथले रस्ते, पोलीस, दवाखाने यांच्या भरवशावर राहतो, म्हणून ते न्याय्य. मुक्काम किती दिवसांचा, याने फरक पडत नाही. 1959 मध्ये तर आर्कान्सावरून उडणाऱ्या विमानात दिलेलं समन्सही तिथल्या फेडरल कोर्टाने वैध धरलं.

कागद बाजूला ठेवू नका! कॅलिफोर्नियात जबाबाला, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर द्यायला, 30 दिवस मिळतात. ते गेले की एकतर्फी निकाल होऊ शकतो आणि पैशांचा तो हुकूम न्यू जर्सीतही वसूल होतो.

तारीखपेतारीख: अपवाद थोडे आहेत. खोटं सांगून राज्यात बोलावलं असेल (1937 चा वायमन खटला याच कारणाने गाजला) किंवा, काही राज्यांत, तो दुसऱ्या खटल्यात साक्षीला आला असेल, तर बजावणी रद्द करून घेता येते. पण समन्स रद्द करण्याचा अर्ज जबाबाआधी किंवा जबाबासोबतच द्यायचा. आधी नुसता जबाब दिला की हा आक्षेप गेलाच. इथे चूक करू नका.

कलमबहाद्दर: एक दावा दिसला तरी प्रश्न तीन असतात. विवाह संपवायला बायकोचं वास्तव्य पुरतं: राज्यात 6 महिने, काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) 3 महिने. पोटगी आणि त्याची मालमत्ता यांसाठी त्याच्यावर अधिकार लागतो, तो हातात दिलेल्या समन्सने मिळतो. मुलांच्या ताब्याला मात्र त्या समन्सचा उपयोग नाही. तिथे मूल आधीचे सलग 6 महिने कुठल्या राज्यात राहिलं ते बघतात. मुलं न्यू जर्सीतून दोनच महिन्यांपूर्वी नेली असतील आणि बाप तिथेच राहत असेल, तर ताब्याचा अर्ज त्याने लगेच न्यू जर्सीत करावा.

एडिसनकर: लग्न पुण्यात, हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल तर?

तारीखपेतारीख: अमेरिकेत वरचं सगळं तसंच. भारतात ती घटस्फोटाची डिक्री (कोर्टाचा हुकूम) मानतील का, हे परदेशी निकालांबद्दलच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 वर आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नरसिंह राव खटल्यावर (1991) ठरतं. कॅलिफोर्नियातलं ‘न मिटणारे मतभेद’ हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही, त्यामुळे नवऱ्याने संमती दिली नसेल तर ती डिक्री इथे अडते.