मदत हवी आहे: ट्रेलरवरची शिडाची बोट, इंजिन 6 एचपी की 9.9? शुक्रवारपर्यंत यादी द्यायची आहे

कुहीकर
नमस्कार मंडळी. बोट ठरली, आगाऊ रक्कम भरली. अडलंय ते ऑप्शनच्या यादीवर. यार्डवाले (बोट बांधणारे) म्हणतात, शुक्रवारी सकाळपर्यंत टिक करून पाठवा, नाहीतर तुमचा नंबर मागे जाईल. प्रश्न सरळ आहेत:
इंजिन 6 की 9.9? शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा) शॉर्ट की लाँग? जिबला (पुढच्या शिडाला) रोलर फर्लिंग, म्हणजे दोरी ओढून शीड गुंडाळायची सोय, घ्यावं की साधे हुक? ट्रेलरला ब्रेक हवा का? केबिन घ्यावी की उघडी?
ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा. तीन दिवस नुसते व्हिडिओ पाहतोय, प्रत्येक जण वेगळं सांगतो.

चांदा_ते_बांदा
बोट किती फुटांची? वजन किती? कुठल्या पाण्यात चालवणार? गाडी कोणती? हे काहीच लिहिलं नाही, मग सहा की नऊ कसं सांगायचं?

डोंगेवाला
भाऊ, कुही म्हणजे गोसेखुर्दच्याच पाण्यात ना? तिथं शीड कायले? हिवाळ्यात महिना महिना पान हालत नाई. पाच एचपीचं डिझेल पंपाचं इंजिन घ्या, मागं लांब दांडा लावा, त्याले पंखा. आमच्याकडं दोघांनी लावलं हाये. गावातला मिस्त्री दुरुस्त करते, सामान भंडाऱ्यात भेटते.

कुहीकर
हो, गोसेखुर्द. 20 फुटी बोट, रिकामी 650 किलो, सेंटरबोर्ड (बोटीखालचं उभं पातं) वर ओढता येतो. गाडी बोलेरो. मी नौदलात 15 वर्षं होतो, शीड चिल्काला शिकलो, तेव्हा शीड का हा प्रश्न नको. डिझेल पंप नको. कृपा करून यादीवर बोला.

हुसेनसागर
आता बोलता येईल. मूळचा वर्ध्याचा, हैदराबादला तलावावर बरीच वर्षं शीड चालवतो.
20 फुटी बोटीची पाण्यातली लांबी साधारण 17 फूट धरू. अशा बोटीचा वेग त्या लांबीवर बांधलेला असतो: लांबीचं वर्गमूळ गुणिले 1.34, म्हणजे साडेपाच नॉट, ताशी दहा किलोमीटर. त्याच्या वर बोट स्वतःच्याच लाटेच्या खड्ड्यात बसते आणि पेट्रोल नुसतं जळतं. हा वेग 6 एचपी आरामात देतं. 9.9 घेऊन वेग वाढणार नाही, मागे वजन मात्र वाढेल. 6 चं फोर स्ट्रोक 25 ते 27 किलो, 9.9 चाळिशीच्या आसपास. ते 13-14 किलो बोटीच्या अगदी शेपटीला लटकतात, मागची बाजू पाण्यात बसते आणि हलक्या वाऱ्यात बोट ओढल्यासारखी चालते.
शाफ्ट लाँग, 20 इंची. 15 इंची घेऊ नका. तुम्ही शीड उतरवायला पुढे गेलात की मागची बाजू उचलली जाते, पंखा हवेत येतो आणि इंजिन किंचाळतं. नेमकं तेव्हाच त्याची गरज असते.

नाखवा_मालवण
सहा एचपीवर विश्वास ठेवू नका. समोरून वारा आणि लाट आली की सहा एचपी बोट जागची हलवत नाही. मी खाडीच्या तोंडाशी ओहोटीत अडकलो होतो. इंजिन पूर्ण ताणलेलं आणि काठावरचा माड अर्धा तास त्याच जागी. पुढच्या महिन्यात मोठं इंजिन घेतलं. जीव मोठा की 14 किलो?

हुसेनसागर
नाखवा, तुमचा अनुभव खरा आहे. पण तो ओहोटीचा. धरणात भरती-ओहोटी नाही. समोरच्या वाऱ्यासाठी एचपीपेक्षा पंखा पाहा. कमी पिचचा (एका फेरीत कमी पुढे जाणारा), मोठ्या पात्याचा पंखा मागून घ्या. रबरी डिंगी पळवायचा पंखा जड बोटीला लावला की सहाचे तीन होतात. बहुतेक जण इंजिन बदलतात, पंखा कोणी बदलत नाही.

नाखवा_मालवण
पंखा बदला, मान्य. पण वादळ धरणातही येतं.

भंडारा_मास्तर
एक महत्त्वाची गोष्ट कोणी बोलत नाही. अंतर्देशीय जहाज अधिनियम 2021 आल्यावर 1917 चा जुना कायदा गेला. इंजिन लावलं की शिडाची बोटही यांत्रिक नौका धरली जाते, नोंदणी आणि तपासणी लागते. धरणाच्या पाण्यात उतरायला पाटबंधारेची परवानगी वेगळी. ट्रेलरची आरटीओत स्वतंत्र नोंदणी. शिवाय एका काठाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य लागून आहे, तिकडे जायचं तर वन खात्याला विचारा.

कुहीकर
मास्तर, आभारी आहे. कागदपत्रांचं मी पाहतोय, अर्ज गेले आहेत. प्रश्न इंजिनाचा आहे.

ऑरेंज_सिटी_ईव्ही
पेट्रोल घेताच कशाला? 1 किलोवॉटची इलेक्ट्रिक मोटर घ्या. आवाज नाही, धूर नाही, तेल नाही. माझ्याकडे साध्या बोटीवर आहे, अंबाझरीला मित्राबरोबर चालवली आहे. सव्वा युनिटची बॅटरी पूर्ण वेगात सव्वा तास चालते. अर्ध्या वेगात तर कितीतरी जास्त, कारण वेग अर्धा केला की ताकद जवळजवळ आठवा हिस्साच लागते.

नाखवा_मालवण
आणि सव्वा तासानंतर? वल्हं?

ऑरेंज_सिटी_ईव्ही
शीड आहे ना त्यांच्याकडे! आणि आता पेट्रोल सगळीकडे ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत 10 टक्के इथेनॉलपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीच्या तळाशी पाणी वेगळं बसतं, दोन महिने उभं राहिलेलं इंजिन मग सुरूच होत नाही. शिडाच्या बोटीचं इंजिन तर उभंच असतं.

हुसेनसागर
ही अडचण खरी आहे, पण उपाय सोपा. लागेल तेवढंच ताजं पेट्रोल भरा. परत आल्यावर पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग कार्ब्युरेटरखालचा स्क्रू ढिला करून उरलेलं थेंब थेंब काढा. पाच मिनिटांचं काम. मी बाटलीच्या बुडात धरून पाहतो, पाणी असेल तर पेट्रोलखाली काचेच्या मण्यासारखं फिरताना दिसतं. टू स्ट्रोक हलकं असतं हे खरं, पण 50 ला 1 तेल मिसळत बसायचं आणि धूर मागे बसणाऱ्याच्या तोंडावर. अभयारण्याच्या काठाला तर नकोच.

चांदा_ते_बांदा
माझ्या मामांचं घर गोसेखुर्दमध्ये गेलं. मोबदल्याचा वाढीव हिशेब अजून लागला नाही. कुहीकर, तुमच्या गावाचं झालं का? 1988 ला पायाभरणी झाली, 2009 ला राष्ट्रीय प्रकल्प झाला, आमचे कागद तिथंच आहेत.

भंडारा_मास्तर
त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. आमच्याकडेही तेच आहे.

डोंगेवाला
जी, मी मगाशी शिडावर बोललो ते राहू द्या. पाण्याचं मले माहीत हाये, ते ऐका.
पाणी भरलं का वरून सपाट दिसते, पण खाली गावं हायेत. बाभळी, चिंचा, मोहाचे खुंट उभे हायेत. आता वैशाखात पाणी उतरलं का डोकं वर काढतात, दसऱ्याले पाह्यलं तर एक दिसत नाई. माझ्या डोंग्याले दोनदा भोक पडलं.
दुसरं, इकॉर्निया, म्हंजे जलपर्णी. कन्हानकडून येते, आंभोऱ्याच्या खाली वारा फिरला का एका रातीत घाट बंद करते. त्याचे मुळं पंख्यात गुंडाळतात.
तिसरं, आमचे जाळे. पांढरी बाटली नाई तर थर्माकोल दिसला का दूर राहा. जाळं फाटलं तर आमचा महिना जाते.
आणि वारा नाई म्हणलं ते खरं, पण चैत-वैशाखात चार वाजता वावधन सुटते. आधी अगदी शांत होते, मंग पश्चिमेकडं मातीचा लाल पडदा दिसते. तो दिसल्यावर तुमाले दहा मिनिटं भेटतात.

हुसेनसागर
डोंगेवाले भाऊ, यादी तुमच्या या उत्तरावरच ठरायला हवी.
खुंटांसाठी: सेंटरबोर्ड दोरीवर मोकळा ठेवा, म्हणजे आपटला की स्वतःच वर उचलला जाईल. सुकाणूही वर उचलणारं मागा. इंजिन आपटल्यावर मागे झुकू शकेल असं मोकळं ठेवा, खाली अडकवून लॉक करू नका. या मापाच्या काही इंजिनांच्या पंख्याला पिन असते, खुंट लागला की ती मोडते आणि गिअर वाचतो. अशा पिना सहा घ्या आणि इंजिनाच्या झाकणाखालीच चिकटपट्टीने लावून ठेवा, घरी कपाटात नको.
इकॉर्नियासाठी: इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडते ना, तिच्यावर नजर. धार बारीक झाली की इंजिन बंद. पाणी ओढायच्या जाळीत मुळं अडकतात आणि इंजिन तापतं.
वावधनासाठी: मेनसेलला (मोठ्या शिडाला) रीफच्या, म्हणजे शीड बांधून लहान करायच्या, दोन ओळी. यार्ड एक देतं, दुसरी ऑप्शनमध्ये असते. इतर काही कापा, ही कापू नका.

नाखवा_मालवण
दोन रीफला माझाही होकार. आणि नांगर. सहा एचपीच घेणार असाल तर नांगर चांगला घ्या, पाच मीटर साखळी आणि तीस मीटर दोर. वारा नको तिकडे ढकलत असेल तर इंजिनाशी भांडत बसू नये, नांगर टाकावा.

चांदा_ते_बांदा
बोटीवर माणसं किती असणार, हे कुहीकरांनी अजून सांगितलं नाही. केबिनचा प्रश्न त्यावरच आहे.

कुहीकर
दोघं. मी आणि आई. आईचं वय 78. आमचं गाव पाण्याखाली गेलं, आता नव्या गावठाणात राहतो. तिला शाळेमागच्या चिंचेपाशी जायचं आहे, म्हणजे ती जिथं होती तिथं. डोंग्यात ती बसत नाही, हलतो म्हणून. मोटरबोटीचा आवाज सहन होत नाही. शिडाची बोट मी तिला फोटोत दाखवली, तर म्हणाली, यात बसेन. म्हणून बोट.
आधी लिहिलं नाही कारण इंजिनाशी त्याचा काय संबंध, असं वाटलं.

नाखवा_मालवण
अहो, हेच आधी लिहायचं! सगळं बदलतं.

हुसेनसागर
हो. केबिन काढा. केबिनच्या बोटीत आत पाय टाकायला उंच पायरी असते, आणि एप्रिलमध्ये आत भट्टी होते. उघडी, रुंद बैठकीची घ्या. त्या पैशांत बिमिनी, म्हणजे घडीचं कापडी छप्पर. बूम (मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा) छपराला लागू नये म्हणून छप्पर बूमखाली मावतं का ते यार्डला मापासकट विचारा. मास्टला (डोलकाठीला) आणि दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे. आईंना काठावरून नाही, ट्रेलरवर बोट असतानाच शिडीने चढवा आणि मग बोट पाण्यात सोडा.
रोलर फर्लिंग घ्याच. एरवी मी हुकवाल्यांच्या बाजूचा आहे, एक गोष्ट कमी बिघडते. पण तुम्ही एकटे चालवणार आणि आई बसलेली. वावधन दिसल्यावर पुढे डेकवर जाऊन जिब उतरवायला कोण जाणार? मागे बसून एक दोरी ओढली की ती गुंडाळली पाहिजे. गुंडाळलेल्या कडेला उन्हापासून वाचवणारी कापडी पट्टी असते, ती मागा, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात शीड लवकर कुजतं.

ऑरेंज_सिटी_ईव्ही
मग आवाजाचं काय? आईंना आवाज सहन होत नाही.

हुसेनसागर
तुमचा मुद्दा आता खरंच वजनदार आहे. पण वादळात परत यायला पेट्रोल हवं. 6 चं फोर स्ट्रोक कमी फेऱ्यांवर स्कूटरपेक्षा शांत चालतं. आधी पेट्रोल घ्या. पुढे चिंचेपाशी हळू जायला लहान इलेक्ट्रिक वेगळी लावता येते, तिची खुर्ची, म्हणजे मोटर अडकवायची जागा, यार्डकडून आत्ताच बसवून घ्या, नंतर फायबर भोसकावं लागतं.

कुहीकर
ट्रेलर?

हुसेनसागर
650 बोट, 300 ट्रेलर, इंजिन-शीड-नांगर-पाणी मिळून 150. अकराशे किलो. ब्रेक घ्या, गाडीचा ब्रेक दाबला की आपोआप लागणारा. घाटावर पोचल्यावर लगेच चाकं पाण्यात घालू नका. धावून हब (चाकाचा मधला भाग) तापलेला असतो, गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील मधून पाणी ओढते, ग्रीस पांढरं पडतं, पुढच्या फेरीत बेअरिंग जातं. हाताने हब चाचपा, कोमट झाला की उतरा. तेवढ्या वेळात मास्ट उभा करा.
आणि मास्ट उभा करण्याआधी वर पाहा. अ‍ॅल्युमिनियमचा मास्ट, ट्रेलरवर उभा केला की टोक जमिनीपासून नऊ मीटरवर जातं. घाटाजवळ विजेची तार असेल तर दुसरीकडे उभा करा. आम्ही प्रत्येक वेळी दोघं वर पाहून मोठ्याने ‘तार नाही’ म्हणतो, मगच दोरी ओढतो. इतकी वर्षं झाली तरी म्हणतो.

डोंगेवाला
आमच्या घाटावर तार हाये. डाव्या हाताले, बाभळीच्या वरून. उजवीकडं मोकळं हाये.

कुहीकर
यादी अशी पाठवतोय: 6 एचपी फोर स्ट्रोक, लाँग शाफ्ट, कमी पिचचा पंखा. रोलर फर्लिंग पट्टीसह. दोन रीफ. उघडी बोट, बिमिनी, दांडे, शिडी. ट्रेलरला ब्रेक. जास्तीची मोटर लावायची खुर्ची. नांगर मी इथून घेईन.
बोट दसऱ्याच्या सुमारास मिळेल. तेव्हा पाणी भरलेलं असणार.

डोंगेवाला
म्हणूनच आता या. शुक्रवारी यादी पाठवा आन रविवारी सकाळी सहाले घाटावर या, मोबाइल चार्ज करून. पाणी उतरलं हाये, सारे खुंट दिसून राहिले. मी डोंगा नेतो, एकेका खुंटापाशी थांबतो, तुम्ही मोबाइलवर जागा लावून घ्या. तुमच्या शाळेचं जोतं बी दिसते आता. चिंच कुठं होती ते आईले विचारून या.

कुहीकर
येतो. आई म्हणते, शाळेच्या दारातून उगवतीकडे पन्नास पावलं.