मदत हवी आहे: आईसाठी बाथरूममध्ये आधाराचा दांडा कसा बसवावा?

नमस्कार मंडळी. आई ७८ वर्षांची, साताऱ्याच्या जुन्या घरात एकटीच राहते. गेल्या महिन्यात पहाटे बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली. हाड मोडलं नाही, पण कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा झाला. तेव्हापासून ती घरातल्या घरात भिंतीला हात लावत चालते. बघवत नाही हो.

पायपुसणी काढली, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचे दिवे लावले. बीपीच्या गोळीमुळे एकदम उठलं की तिला गरगरतं, म्हणून डॉक्टरांनी आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायला सांगितलंय. तेवढं ती पाळते. काठीला मात्र ठाम नकार. काठी धरली की माणूस संपला, म्हणते.

आता कमोडजवळ स्टीलचा दांडा बसवायचाय. भिंत जुन्या विटांची, चुन्यातली. ड्रिल केलं की भुगाच पडतो. नुसत्या प्लगवर तिचा भार पेलेल का? दांडा आडवा हवा की तिरका? आणि उंची किती ठेवलीत? ओली असतानाही न घसरणारी फरशी कुणी बसवली असेल तर अनुभव सांगा. रबरी चटई नको, तिचीच कड पायात येते. गवंडी शनिवारी येणार आहे.