कॉटन जिन आल्यावर गुलामी कमी व्हायला हवी होती ना? मग वाढली कशी?

नाशिकरोडची_आई

मुलगी नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पाला तिने 'एक शोध आणि त्याचे परिणाम' हा विषय घेतलाय, त्यात एली व्हिटनीचं कॉटन जिन. कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र, १७९३ सालचं. सगळीकडे लिहिलंय की या यंत्रामुळे अमेरिकेत गुलामी वाढली. तिचा प्रश्न साधा आहे: यंत्र आलं तर माणसं कमी लागायला हवीत, जास्त कशी लागली? मला नीट सांगता आलं नाही. आमच्या घरात कापसाचा संबंध गादीपुरताच! बागलाण-मालेगावकडचं कुणी असेल तर सांगा.

फिटर_सटाणा

ताई, सत्तावीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतो, मालेगावकडे. इतिहास वाचला तो रात्रपाळीत, त्यामुळे तारखा पाठ आहेत पण मास्तरासारखं सांगता येणार नाही.

मुलीला आधी हे सांगा की कापसाची कामं दोन आहेत. शेतातून वेचून आणणं हे एक, आणि वेचलेल्या कापसातून सरकी काढणं हे दुसरं. व्हिटनीने दुसरं सोपं केलं. पहिलं होतं तिथेच राहिलं.

आता हिशोब करा. जिनआधी हाताने सरकी काढायला बसलं तर एका माणसाची दिवसभरात जेमतेम एक पौंड रुई व्हायची. कापसाच्या वजनात रुई साधारण तिसरा हिस्सा, बाकी सरकी. आमच्याकडे आजही उतारा चौतीस-पस्तीस टक्केच धरतात. समजा एकाने दिवसात पन्नास पौंड कापूस वेचला. त्यात रुई सतरा पौंड. म्हणजे एकाने एक दिवस वेचलं की दुसऱ्याने सतरा दिवस सरकी काढत बसायचं. असला कापूस कोण लावेल? फारसं कुणी लावतही नव्हतं. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगत लांब धाग्याचा कापूस व्हायचा, त्याची सरकी काळी आणि गुळगुळीत, ती साध्या रोलरमधून सुटायची. पण तो किनारा सोडून आत पिकेना. आत पिकायचा तो आखूड धाग्याचा, हिरव्या सरकीचा. त्या सरकीला अशी लव की नखाने ओढलं तरी तंतू सोडत नाही.

व्हिटनी हा उत्तरेकडचा, येल विद्यापीठात शिकलेला पोरगा. जॉर्जियातल्या सवानाजवळच्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर, कॅथरिन ग्रीन या बाईंकडे, पाहुणा म्हणून राहिला होता. तिथे त्याने केलं काय, तर लाकडी रुळाला तारेचे दात ठोकले आणि पुढे बारीक फटींची जाळी लावली. दात रुई धरून फटीतून ओढतात, सरकी फटीतून जात नाही, खाली पडते. मागे उलटा फिरणारा ब्रश दातांवरची रुई झाडून घेतो. हा ब्रश नसता तर यंत्र पाच मिनिटांत तुंबलं असतं, हे कुठलाही फिटर सांगेल. पेटंट मिळालं १४ मार्च १७९४ ला. दिवसाला पन्नास पौंड रुई निघायला लागली.

म्हणजे सतरा दिवसांचं काम एका दिवसाच्याही आत आलं. आता मळेवाल्याला अडवणारं राहिलं काय? फक्त वेचणी. जेवढे हात तेवढा कापूस, जेवढा कापूस तेवढा पैसा. १७९० मध्ये अख्ख्या अमेरिकेत तीनेक हजार गाठी होत होत्या, १८६० मध्ये सुमारे चाळीस लाख. आणि गुलाम सात लाखांवरून जवळपास चाळीस लाखांवर गेले.

जुने_नाशिक_इतिहास

फिटरभाऊंचा हिशोब सुरेख आहे, पण मुलीच्या वहीत सगळा दोष यंत्रावर जाऊ नये. रुई विकत घेणारं कुणी होतं म्हणूनच हे झालं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या वाफेवर चालायला लागल्या होत्या आणि त्यांना कितीही रुई पुरत नव्हती. जमीन कुठून आली तेही लिहा. १८३० च्या दशकात चोक्टॉ, क्रीक, चेरोकी या मूळ रहिवाशांना मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियातून हाकलून ती कापसाखाली आणली. शिवाय १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी होती. मग हात आले ते देशातूनच. व्हर्जिनिया-मेरिलँडच्या तंबाखूच्या जमिनी थकल्या होत्या, तिथल्या मालकांनी माणसं दक्षिणेला विकली किंवा बरोबर नेली. सुमारे दहा लाख माणसं अशी हलवली गेली, आईपासून मूल तोडून.

कारण एक नव्हतं. यंत्राने दार उघडलं, आत शिरणारे वेगळे होते.

कळवण_एक्सप्रेस

यंदा भाव काय फुटेल ते सांगा, इतिहास नंतर.

फिटर_सटाणा

कळवणकर, तुमच्याकडे कांदा, तुम्ही कापसाच्या भावात नाक खुपसू नका. :)

इतिहासवाल्यांचं मान्य. एवढं जोडतो की व्हिटनीला पैसा फारसा मिळालाच नाही. त्याने आणि भागीदार मिलरने यंत्र विकायचं नाही, जिनिंग करून द्यायची आणि पाचातले दोन हिस्से घ्यायचे असं ठरवलं. शेतकरी काय देतात! गावोगाव सुतार-लोहारांनी नकला केल्या. तो वर्षानुवर्षं कोर्टात.

आणि एक, आपल्याकडे ते यंत्र जवळपास चालतच नाही. अमेरिकेत तारेच्या दातांच्या जागी करवतीची पाती आली, ती सॉ जिन. आपल्या जिनिंगमध्ये बहुतेक डबल रोलर: चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ, त्यांना टेकलेल्या पट्ट्या, आणि मधे वर-खाली मारणारा बीटर. करवतीपेक्षा सावकाश, पण धागा तुटत नाही. रोलरने सरकी काढणं आपलं फार जुनं आहे, अजिंठ्याच्या एका चित्रात एका रुळाचं तसलं साधन आहे. सहलीला गेलात तर दाखवा मुलीला.

नाशिकरोडची_आई

दोघांचे आभार. तिचा पुढचा प्रश्न: मजुरी देऊन माणसं का नाही लावली? मजूर मिळत नव्हते का?

जुने_नाशिक_इतिहास

मोकळ्या माणसाला पश्चिमेला स्वतःची जमीन घेता येत होती, तो दुसऱ्याच्या रानात उन्हात वाकायला कशाला येईल? गुलाम जाऊ शकत नव्हता. शिवाय गुलाम म्हणजे मालमत्ता, त्याच्यावर कर्ज काढता यायचं. न्यूयॉर्कच्या बँकांचेही हात त्यात होते, फक्त दक्षिणेला शिव्या देऊन भागत नाही. आणि हे सगळं बिनसलं तेव्हा, १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवीत, मुंबईला सोन्याचे दिवस आले. अमेरिकेची बंदरं अडली, इंग्लंडने आपला कापूस वाटेल त्या भावाने घेतला. युद्ध संपलं आणि १८६५ ला मुंबईचे बडे कापूस-व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्यासकट सगळे आपटले. कसारा घाटातून इगतपुरीला रेल्वे आली तीही त्याच साली.

फिटर_सटाणा

मजुरीवरून सांगतो. आमच्याकडे वेचणी किलोवर देतात. बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचते, त्याच्या वर गेली की गावात तिचं नाव होतं. लुइझियानात बारा वर्षं गुलामीत काढलेला सॉलोमन नॉर्थप लिहितो की साधारण माणसाचा दिवस दोनशे पौंडांचा, म्हणजे नव्वद किलो. संध्याकाळी वजन व्हायचं. कमी भरलं की चाबूक. कपाशीच्या नव्या जातीही आल्या होत्या, बोंड मोठं, वेचायला सोपं, हे खरंय. पण शेवटचे वीस किलो कशाने निघत होते ते काटा सांगत नाही.

वेचणीचं यंत्र यायला दीडशे वर्षं गेली. १९४४ मध्ये मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ हॉप्सन मळ्यावर पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं पीक यंत्राने काढलं. तेव्हा कुठे मळेवाल्यांना हात नकोसे झाले. तोवर गुलामी कायद्याने गेली होती, पण त्याच लोकांची नातवंडं-पतवंडं वाट्याने तोच कापूस वेचत होती.

मुलीला एक करायला सांगा. कुणाकडून तरी शंभर ग्रॅम न काढलेला कापूस आणा. घड्याळ लावून हाताने सरकी काढायला बसवा, पस्तीस ग्रॅमच्या आसपास रुई निघेल. किती वेळ लागला तो आकडा वहीत लिहायचा आणि त्यावरून एका पौंडाचा हिशोब करायचा. शाळेला ते जास्त आवडेल. जिनिंग बघायचं असेल तर दिवाळीनंतर मालेगावला या, आधी विचारून. नाकाला रुमाल हवा, ओढणी नको. पट्ट्यात जाते.