टाकून दिलेल्या वस्तूंचे फोटो: फ्रेमसाठी वस्तूला हात लावावा का? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कातळवाट

वेताळ टेकडीवरच्या बंद दगडखाणी, मुठेचा काठ, पानशेतचा उन्हाळ्यात उघडा पडणारा तळ, उजनीचा फुगवटा. पुण्यातून एका दिवसात जाऊन येता येतील अशा या जागांवर माणसांनी टाकून दिलेल्या वस्तूंचे आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या गवताचे, शेवाळाचे फोटो आता बरेच जण काढतात. चांगलं आहे. पण फोटोसाठी वस्तू उचलून उजेडात ठेवायची, सरळ उभी करायची, पुसून घ्यायची अशी सवय त्यात रुजते आहे. तिला माझा विरोध आहे.

वस्तू जिथे पडली तिथली जमीन तिच्यासोबत बदलत जाते. पत्र्याखालचं गवत उन्हाअभावी पिवळट पांढरं पडतं. जमिनीकडच्या बाजूला ओल टिकते, म्हणून तिथे गंज जास्त खोल जातो आणि पापुद्रे सुटतात. पावसात गंजाचा ओघळ खालच्या दगडावर उतरतो. पत्रा चार फूट सरकवला की ओघळ एकीकडे आणि पत्रा दुसरीकडे. उलटा केला तर जास्त खाल्लेली बाजू आकाशाकडे येते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं.

वस्तू नको, आपण हला. पोटावर झोपा, मागे जा, ऊन फिरेपर्यंत थांबा. गंजलेल्या लोखंडासाठी जुलै ते सप्टेंबर उत्तम, कारण हिरव्यावर नारिंगी उठून दिसतो. नोव्हेंबरनंतर टेकडीवरचं गवत सोनेरी होतं आणि गंज त्यात विरून जातो. तेव्हा पांढरं सिरॅमिक, निळे ड्रम अशा वस्तूंकडे वळावं. रंगाचा प्रश्न ऋतू सोडवतो, हाताची गरज नाही.

चौकटीबाहेर

खोटेपणाची रेघ तुम्ही चुकीच्या जागी ओढताय. वस्तू न हलवता कितीतरी जास्त खोटं बोलता येतं. २४ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स घेऊन टेकडीवर पडलेल्या एखाद्या मडगार्डपासून ४० सेंमीवर बसा. मडगार्ड अर्धी फ्रेम व्यापेल आणि मागची टेकडी करंगळीएवढी होईल. तोच मडगार्ड सात-आठ मीटरवरून ८५ मिमीच्या, दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने घ्या, टेकडी त्याच्या अंगावर येईल. हात कुठेच लागला नाही, आणि माणूस मोठा की निसर्ग मोठा याचं उत्तर मात्र उलटं झालं.

जवळ जाण्यात दुसरीही अडचण आहे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी, एफ ११ (लेन्सचं छिद्र लहान) आणि फोकस पावणेदोन मीटरवर ठेवला, तर साधारण ९० सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. वस्तू ४० सेंमीवर असेल तर तीन-चार फ्रेम वेगवेगळ्या फोकसने घेऊन जोडाव्या लागतात. मधल्या वेळात वाऱ्याने गवत हललं की जोडलेल्या चित्रात पात्यांच्या दुहेरी कडा येतात. मग सॉफ्टवेअरमध्ये पाती पुसा. ती ढवळाढवळ चालते आणि फ्रेममधली कालची वेफर्सची पिशवी उचललेली चालत नाही? मी ताजा कचरा उचलतो, खिशात घालतो आणि फोटोखाली तसं लिहितो.

कातळवाट

चौकटीबाहेर, लेन्सचा मुद्दा मान्य. म्हणूनच या विषयाला मला ३५ ते ५० मिमी योग्य वाटते.

पण पिशवीचं पटत नाही. जुन्या लोखंडाशेजारी कालची पिशवी असणं, हेच त्या जागेचं खरं चित्र आहे. टाकणं थांबलेलं नाही, हे तीच सांगते. पिशवी काढली की उरतं ते सुंदर जुनाट लोखंड, आणि पाहणाऱ्याला वाटतं की कचरा हा मागच्या पिढीचा विषय होता. आधी पिशवीसकट फोटो घ्या, मग उचला. क्रम एवढाच माझा आग्रह.

पाणकावळा

दोघंही लोखंडावर बोलताय. उजनीच्या काठावर प्रश्न जाळ्यांचा आहे, आणि तिथे ‘हात लावू नका’ हा नियम जीव घेतो.

तंगूसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं जाळं कुजत नाही. मे महिन्यात ते भेगाळलेल्या गाळावर पडलेलं असतं, तिरप्या उन्हात छान चमकतं, फोटो सुरेख येतो. पावसाळ्यात धरण भरायला लागलं की तेच जाळं पुन्हा पाण्यात जातं. मालक नसला तरी मासे अडकत राहतात, आणि ते खायला आलेल्या पाणकावळ्याचे, बगळ्याचे पाय गुंततात. असं जाळं तिथेच ठेवून पुढच्या फोटोकडे जाणारा माणूस तटस्थ नसतो.

आधी ते खरंच टाकून दिलेलं आहे का ते बघा. दोन्ही टोकं काठीला बांधलेली, फ्लोट ओळीत लागलेले, गाठी ताज्या, तर ते कोणाचं तरी पोट आहे. एक टोक सुटलेलं, अर्धं गाळाखाली, दोऱ्यावर वाळलेल्या शेवाळाचा थर, तर ते सोडलेलं. तरीही जवळच्या कोळीवस्तीत विचारावं. पालथ्या होडीचंही तेच. ‘बेवारस होडी’ म्हणून फिरणाऱ्या फोटोंत कित्येकदा सांध्यांना ताजं डांबर दिसतं. ती दुरुस्तीला पालथी घातलेली असते.

जाळं काढताना ओढू नका. ओढलं की तुटतं आणि गाळातला तुकडा तिथेच राहतो. कात्रीने हात-दीड हाताचे तुकडे करा, गाळ हाताने मोकळा करा, गोणीत भरा. पाण्यात उतरू नका. काठावरचा गाळ वरून कोरडा आणि खाली लोण्यासारखा असतो. पुढे काठी टोचत जायचं, वितीपेक्षा जास्त आत गेली की मागे फिरायचं. ट्रायपॉडच्या पायांखाली डब्याची रुंद झाकणं ठेवा, नाहीतर दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये एक पाय हळूहळू बसतो आणि फोटो हलतो. वारा नाही, हातही लागला नाही, तरी फोटो का हलला याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मुठाकाठ

उचला म्हणणाऱ्यांनी काय उचलू नये तेही सांगायला हवं. नदीकाठच्या राडारोड्यात सिमेंटचे जुने पत्रे असतात, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. अखंड पत्रा पडून राहिला तर धोका कमी, पण ओढताना तुटला की तंतू हवेत जातात आणि श्वासातून फुफ्फुसात. तो हलवायचा नाही, त्याच्यावर उभं राहायचं नाही. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते आणि काचेत शिसं. ट्यूबची मान (मागची अरुंद नळी) तुटली नसेल तर आपटून ती आतल्या आत फुटते आणि काचा उडतात. ट्यूबलाइटच्या नळीत पारा.

आणि कोणताही पत्रा बोटांनी उचलू नका. खाली घोणस, फुरसं, विंचू असू शकतो. उचलणं भागच असेल तर लांब काठीने, आणि पलीकडची कड आधी, म्हणजे उघडी बाजू आपल्यापासून लांब राहते. कड खाली सोडतानाही हळू, कारण तो कोणाचा तरी निवारा आहे.

नदीकाठची

विसर्जनानंतर उघड्या पडणाऱ्या मूर्तींबद्दल कोणी बोललं नाही. माझं मत, त्यांचे फोटो काढूच नयेत. त्या ‘टाकून दिलेल्या वस्तू’ नाहीत. निरोप दिलेला असतो.

चौकटीबाहेर

नदीकाठची ताई, भावना समजते, तरी असहमत. प्लास्टर ऑफ पॅरिसचं मूर्ती घडवतानाच पाणी मिळून जिप्सम झालेलं असतं, ते नदीत सहज विरघळत नाही आणि तुकड्यांत राहतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती विरघळवायची पद्धत दिली आणि महापालिकेने ते रसायन नागरिकांना वाटलं, ते याचसाठी. नदीत काय उरतं हे दिसलंच नाही तर कोण बदलेल? मात्र मूर्ती उभी करणं, चेहरा आपल्याकडे वळवणं, शेजारी जलपर्णी रचणं, हे कधीच करू नये. चेहरा टाळून हाताचा, पाटाचा भाग घ्यावा.

नदीकाठची

चेहरा टाळायचा एवढं तरी पाळलं गेलं तर माझा अर्धा विरोध जाईल. बाकीचा अर्धा राहील.

कातळवाट

मुठाकाठ यांनी सांगितलेलं सगळ्यांनी लक्षात ठेवावं. पाणकावळा, जाळ्याबाबत माझा नियम मी बदलतो. लोखंडाबाबत नाही.

आता पुसण्याबद्दल. ‘गंजाचा रंग यावा म्हणून पाणी मारून पुसतो’ असं सांगणारे बरेच आहेत. रंग फिका येण्याची कारणं कॅमेऱ्यात असतात. फ्रेममध्ये नारिंगी जास्त असला की ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगाची दुरुस्ती) तो मारून टाकतो, ५२०० ते ५५०० केल्विन हाताने ठेवा. काळ्या कातळामुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि सगळं उजळ करतो, एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, एकत्रित नको, तिन्ही रंगांचा वेगळा बघा. गंजात लाल रंग आधी फाटतो (त्यातला तपशील जातो) आणि एकत्रित आलेखात ते दिसत नाही. रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) फाइल ठेवाच.

पावसानंतर लोखंड आपोआप ओलं असतं. तेव्हा पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावून पृष्ठभागाशी ३५ ते ४० अंशांच्या कोनातून घ्या, पाण्याच्या थराची चकाकी जाते आणि खालचा रंग गडद दिसतो. दीड ते दोन स्टॉप उजेड जातो, म्हणून ट्रायपॉड. क्रोमच्या हँडलवर किंवा न गंजलेल्या स्टीलवर याचा उपयोग नाही, धातूवरची चकाकी पोलरायझरने जात नाही. गाडीतल्या एसीतून थेट पावसाळी हवेत कॅमेरा काढला तर लेन्सवर दव धरतं. बॅग बंद ठेवून वीस-तीस मिनिटं थांबावं.

पाणकावळा

उजनीचा तळ उघडा पडतो तेव्हा तिथे दळायची जाती, उखळं, घरांची जोतीही दिसतात. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, त्याआधी तिथे गावं नांदत होती. पळसदेवचं मंदिर त्यातलंच. त्या वस्तू कोणी टाकलेल्या नाहीत, सोडाव्या लागल्या. तिथे कातळवाट यांचाच नियम: दगडही सरकवू नका, आठवण म्हणून घरी तर मुळीच आणू नका.

चौकटीबाहेर

हे बिनशर्त मान्य. आता टायरचं सांगा. टेकडीवर सगळ्यात जास्त तेच सापडतात. फोटो काढून ठेवून द्यायचे का?

पाणकावळा

नाही. टायरमध्ये पाणी राहिलं की डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पिढी साधारण सात ते दहा दिवसांत तयार होते. पाणी ओतणं पुरत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटतात, कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत असतात आणि पुढच्या पावसात फुटतात. पाणी नदीत नको, कोरड्या मातीवर ओता, आतली कड ब्रशने घासा आणि टायर खाली आणून पंक्चरवाल्याकडे किंवा भंगारात द्या.

कातळवाट

पावसाळ्यात त्याच पाण्यात बेडकांची पिल्लंही असतात. मातीवर ओतलं तर ती मरतील.

पाणकावळा

म्हणून ओतण्याआधी दोन मिनिटं बघायचं. डासाच्या अळ्या पृष्ठभागाला शेपटीकडून लटकतात आणि सावली पडली की वळवळत खाली जातात. बेडूकमासे कडेचं शेवाळ खरवडत फिरतात. तेच दिसले तर गाळणीने काढून जवळच्या पावसाच्या डबक्यात सोडा, मासे असलेल्या खाणीच्या पाण्यात नको. मग टायर रिकामा करा.