मेणबत्ती, बरणी आणि 'एक पंचमांश': हा प्रयोग वर्गातून हद्दपार करावा का?

निवळी

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडी बरणी. ज्योत विझते, पाणी बरणीत चढतं आणि फळ्यावर अनुमान येतं: ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश. सहावी-सातवीला हे वर्षानुवर्षं चालू आहे. माझं म्हणणं एवढंच की ऑक्सिजनचं प्रमाण शिकवायला हा प्रयोग वापरणं बंद करा. उत्तर बरोबर येतं, पण कारण साफ चुकीचं.

मुळात ऑक्सिजन संपतच नाही. बंद बरणीत तो २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांवर उतरला की मेणबत्ती विझते. शिवाय जो खर्च होतो त्याच्या जागी दुसरा वायू येतो. मेण म्हणजे २५ कार्बनचं हायड्रोकार्बन धरलं, तर ३८ घनफळ ऑक्सिजन जळून २५ घनफळ कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वाफेचं पाणी होतं, ती हिशेबात धरू नका. म्हणजे खर्च झालेल्या ५ टक्क्यांपैकी ३.३ टक्के भरून निघाले. निव्वळ घट १.७ टक्के.

'कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो की' हे यावरचं ठरलेलं उत्तर. विरघळतो, पण न हलवता, इतक्या विरळ प्रमाणात असताना, दहा सेकंदांत नाही.

मग पाणी चढवतं कोण? तापलेली हवा. झाकताना ज्योतीभोवतीची गरम हवा बरणीत शिरते, फुगते, थोडी कडेने बाहेरही जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते. आतली हवा सरासरी ९० अंश सेल्सिअसची असेल आणि ३० अंशांवर आली, तर घट ६० भागिले ३६३ (९० अंश म्हणजे ३६३ केल्विन), म्हणजे साडेसोळा टक्के. त्यात वरचे १.७ मिळवा, झाले १८. एक पंचमांशाला इतकं जवळ, की कुणाला शंकाही येत नाही.

तासिका_चौथी

गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. आरटीई (शिक्षण हक्क कायदा) उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगतो. प्रत्यक्षात वर्गात ५५-६० मुलं आणि ३५ मिनिटांची तासिका. त्या वेळात मागच्या बाकावरून दिसेल, दहा रुपयांत होईल, आणि काही 'घडेल' असे प्रयोग किती आहेत? हा एक आहे. तोही काढलात तर हवेच्या पाठाला उरतो फक्त वर्तुळालेख.

शिवाय सहावीला प्रमाण सिद्ध करायचंच नसतं. जळायला हवा लागते आणि बंद जागेतली हवा फार वेळ पुरत नाही, एवढं पोचलं तरी पुरे. एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या पुस्तकात दोन वेगळ्या उंचीचे पेले घेतले होते, ते त्यासाठीच. मोठ्या पेल्याखालची मेणबत्ती जास्त वेळ टिकते, हे निरीक्षण बिनचूक आहे. वाईट आहे ते फळ्यावरचं शेवटचं वाक्य. ते पुसा.

निवळी

त्या पुस्तकातही 'ऑक्सिजनची जागा रिकामी झाली, ती पाण्याने भरली' असंच स्पष्टीकरण होतं. वाक्य पुसून भागत नाही. पाणी चढताना दिसलं की मुलं 'का' विचारणारच, आणि शिक्षकांकडे तयार उत्तर तेच असतं. प्रश्न पेल्यांच्या तुलनेचाच असेल तर पाणी कशाला हवं? सपाट टेबलावर दोन पेले पुरतात.

चंचुपात्र

दोघांचंही अर्धंच पटलं. पाणी हवंच, कारण खरा धडा त्यातच आहे. हा प्रयोग पुरावा म्हणून मांडू नका, वाद म्हणून मांडा. तोही बहुतेक शाळांत चुकीच्या पद्धतीने होतो, म्हणून कृती नीट देतो.

अर्धा लिटरच्या तीन सारख्या काचेच्या बरण्या, तीन ताटल्या. मेणबत्त्या वाढदिवसाच्या, सगळ्या चार सेंटिमीटरच्या कापून घ्या. पहिल्या ताटलीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन. पाणी ओतण्याआधी वितळलेल्या मेणाने चिकटवा. ओल्या ताटलीला मेण धरत नाही. मग दीड सेंटिमीटर पाणी, त्यात शाईचे चार थेंब आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. बरणीच्या काठाखाली दोन नाणी ठेवा. नाणी विसरलात तर काठ ताटलीला घट्ट बसतो, पाणी आत शिरत नाही आणि प्रयोग 'फसला' म्हणून गुंडाळला जातो. बरणीला बाहेरून कागदी पट्टी चिकटवून सेंटिमीटर आखा.

झाकण्याआधी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्या. बरण्या सारख्या, म्हणजे ऑक्सिजन सारखा. पाणी ऑक्सिजनमुळे चढत असेल तर तिन्हीत पातळी सारखी यायला हवी. येत नाही. तीन मेणबत्त्यांच्या बरणीत उघड जास्त चढतं. आणि कधी चढतं तेही बघायला लावा: ज्योत तेवत असताना जवळजवळ नाहीच, विझल्यावर भराभर. ऑक्सिजन खर्च होण्याने चढायचं असतं तर जळत असतानाच हळूहळू चढलं असतं. साबणामुळे काठाशी बुडबुडे ठळक दिसतात, विशेषतः बरणी झटकन झाकली तर. फुगलेली हवा बाहेर पडते त्याचा याहून स्वस्त पुरावा नाही.

तासिका_चौथी

हे आवडलं. फक्त तीन बरण्या एकाच वेळी झाकायला तीन हात लागतात. एकामागून एक करा, पण प्रत्येक वेळी ज्योती पेटवून तीस सेकंद थांबा, मगच झाका. नाहीतर तुलनेला अर्थ नाही. आणि खिडकीचा वारा बंद.

पेपर_तपासनीस

छान. आता सत्र परीक्षेत 'शास्त्रीय कारणे लिहा: पेटत्या मेणबत्तीवर बरणी उपडी ठेवल्यास पाणी चढते.' तुमच्या वर्गातला मुलगा 'हवा थंड होऊन आकुंचन पावली' असं लिहील. नमुना उत्तरात 'ऑक्सिजन'. तपासणारा दुसऱ्या तुकडीचा असेल तर गुण शून्य. पालक विचारायला येतात तेव्हा ३८ आणि २५ घनफळांचा हिशेब कामाला येत नाही. आधी नमुना उत्तरं दुरुस्त करा, मग वर्गात क्रांती करा.

चंचुपात्र

घटक चाचणीचा पेपर शाळेतच निघतो आणि नमुना उत्तरंही तिथेच लिहितात. विज्ञानाच्या दोन-तीन शिक्षकांनी बसून ठरवायचं, एवढंच. प्रश्न असा फिरवा: 'एकऐवजी तीन मेणबत्त्या लावल्यास पाणी कमी चढेल, तेवढेच चढेल की जास्त? कारण द्या.' गाइड पाठ करून हे सुटत नाही.

निवळी

ठीक, वाद म्हणून राहू द्या. पण मग २१ टक्के कशाने दाखवणार? कारण तो आकडा पाठात येणारच. माझं उत्तर लोखंडाचं गंजणं. त्यात ऑक्सिजन घन पदार्थात अडकतो, बदली वायू तयार होत नाही, उष्णताही जाणवण्याइतकी नाही.

मोठी परीक्षानळी, २५ मिलिमीटर व्यासाची. साधारण एक ग्रॅम बारीक लोखंडी काथ्या (स्टील वूल), हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात पॉलिशसाठी मिळतो तो. भांडी घासायची तारेची घासणी आणू नका. ती बहुधा स्टेनलेस असते, आठवडाभर ठेवलीत तरी गंजणार नाही. काथ्यावर तेलाचा हात असतो, म्हणून व्हिनेगरमध्ये मिनिटभर बुडवून पाण्याने धुवा आणि झटका. व्हिनेगर जास्त राहिलं तर लोखंडाशी हायड्रोजन तयार होतो आणि पाणी चढायच्या ऐवजी खाली ढकललं जातं. काथ्या सैल करून नळीच्या तळाशी बसवा, गच्च गोळा केला तर आतले धागे तसेच राहतात. नळी चंचुपात्रातल्या पाण्यात उपडी उभी करा, आरंभीच्या पातळीवर रबरबँड लावा. तासाभरात फरक दिसू लागतो, पूर्ण चढायला रात्र जाते. १५ सेंटिमीटर हवेच्या स्तंभात सुमारे तीन सेंटिमीटर पाणी चढून थांबतं. काथ्या कितीही वाढवा, त्याच्या पुढे जात नाही. 'तीन मेणबत्त्यां'ची कसोटी इथे लावली तर हा प्रयोग टिकतो.

तासिका_चौथी

काथ्या न मिळणारी गावं भरपूर आहेत. लेथवरचा लोखंडाचा कीस चालेल का?

निवळी

चालेल. नळी आतून ओली करून कीस भुरभुरवायचा, भिंतीला चिकटतो. जाड असेल तर एक दिवस जास्त द्या, आणि कीस बिडाचा किंवा साध्या लोखंडाचाच आहे ना, तेवढं विचारून घ्या.

पेपर_तपासनीस

रात्रभर चाललेल्या प्रयोगात मुलांनी काय पाहिलं? काल नळी, आज नळी. मेणबत्तीला निदान टाळ्या तरी पडतात.

चंचुपात्र

आजची आणि कालची नळी नव्हे, शेजारी दुसरी नळी काथ्याशिवाय ठेवा. तिची गरज वेगळ्याच कारणाने आहे. सकाळी २४ अंश आणि दुपारी ३३ अंश असेल तर नुसत्या तापमानाने हवेचं घनफळ तीन टक्के बदलतं. म्हणजे दुपारी लावलेली नळी सकाळी मोजलीत तर २१ऐवजी २३-२४ येतात, आणि सकाळी लावून दुपारी मोजलीत तर १८-१९. रिकामी नळी किती सरकली ते वजा करा, किंवा लावायची आणि मोजायची वेळ एकच ठेवा. सातवीच्या मुलांना वजाबाकी जमते.

मेणबत्ती आणि काथ्या एकाच बरणीत घालून 'विझल्यावरही ऑक्सिजन उरतो' हे दाखवायची कल्पना कुणाला सुचेल. तत्त्व बरोबर आहे, पण कोरडा काथ्या ज्योतीने पेटतो, ठिणग्या उडतात. वर्गात नको.

तासिका_चौथी

मग मंगळवारी बरण्या, बुधवारी नळ्या, गुरुवारी त्याच तासिकेला मोजमाप. शुक्रवारी लावू नका. सोमवारपर्यंत उन्हाळ्यात चंचुपात्रातलं पाणी आटतं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि सगळी हवा आत. पेपरचा मुद्दा मात्र अजून तसाच आहे; गाइडमध्ये जे छापलंय ते शिकवणीचे सर पुन्हा पाठ करून घेणार.