‘सगळे नॉर्मल आहे’ एवढे सांगून भागते का?

आरसपानी (धागाकर्ती):
चेहरे आपण हजारोंनी पाहिलेले असतात. जननेंद्रियांच्या बाबतीत मात्र स्वतःचे, फार तर जोडीदाराचे, आणि उरलेली पडद्यासाठी निवडलेली शरीरे, एवढ्यावरच बहुतेकांचे ज्ञान संपते. अशा तोकड्या पाहणीवरून स्वतःला बेढब ठरवणे हा मला मुळात अज्ञानाचा प्रश्न वाटतो. लंडनमधील डॉक्टरांनी २००५ साली ५० स्त्रियांची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा लघुभगोष्ठांची, म्हणजे योनीलगतच्या आतल्या पाळ्यांची, रुंदी ७ ते ५० मिलिमीटर इतकी वेगवेगळी आढळली. दोन्ही पाळ्या सारख्या नसणे, त्यांचा रंग आसपासच्या त्वचेहून गडद असणे, पुरुषांत एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असणे, हे सगळे नेहमीचेच आहे. म्हणून माझे मत असे, की ही विविधता शाळेतच शिकवावी आणि सौंदर्यासाठी या अवयवांवर शस्त्रक्रिया करण्यावर बंदी असावी.

सावलीतली:
असहमत. सायकल चालवताना माझी त्वचा चिमटली जात असे आणि पुढे दोन दिवस आग होत असे. दोन डॉक्टरांनी ‘हे नॉर्मल आहे’ असे सांगून विषय मिटवला. ते खोटे नव्हते, पण माझ्या तक्रारीचे ते उत्तरही नव्हते. शस्त्रक्रिया करून घेणारी प्रत्येक स्त्री जाहिरातीला भुललेली असते, हे गृहीतक मला अपमानास्पद वाटते. शिवाय सौंदर्य कुठे संपते आणि त्रास कुठे सुरू होतो, हे बंदी घालणारा कसे ठरवणार?

मोजपट्टी:
पुरुषांच्या बाजूने वेगळा आक्षेप मांडतो. आरोग्य कर्मचाऱ्यांनी केलेली १५,००० हून अधिक पुरुषांची मोजमापे २०१५ साली एकत्र मांडली गेली आणि ताठर शिश्नाची सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर निघाली. हा आकडा दिलासा म्हणून सांगितला जातो. पण साधारण निम्मे पुरुष सरासरीच्या खाली असणारच, आणि मी त्यांपैकी एक असल्यामुळे माझ्या हाती फक्त नवी मोजपट्टी आली. सूक्ष्मशिश्न हे निदान सरासरीपेक्षा अडीच प्रमाण विचलनांहून (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) अधिक आखूड असेल तरच होते, वरून पाहताना लांबी कमी भासते, हेही मला पाठ होते. तरी वर्षभर रोज मोजत राहिलो. (हे लिहिताना आता हसू येते, तेव्हा येत नव्हते.) माहितीने माझी चिंता गेली नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे लागले. त्यामुळे हा केवळ अज्ञानाचा प्रश्न आहे, हे मला पटत नाही.

आरसपानी:
सावलीतली, तुमच्या बाबतीत माझे विधान सरसकट झाले, हे मान्य करते, आणि बंदीचा आग्रह सोडते. मात्र अठरा वर्षांखालील मुलींपुरता तो कायम आहे, कारण या भागाची वाढ त्या वयात चालूच असते आणि मज्जातंतूंनी भरलेली त्वचा एकदा कापली की परत येत नाही. ब्रिटनमधील बालस्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१३ साली हीच वयोमर्यादा मांडली होती. मोजपट्टी, तुमचा मुद्दा अधिक अवघड आहे. सरासरी न सांगता केवळ व्याप्ती सांगावी, असे मला वाटते, पण मोजायलाच बसलेल्या माणसाला तीही पुरणार नाही.

सावलीतली:
अठराच्या मर्यादेला माझा विरोध नाही. फक्त ‘नॉर्मल आहे’ म्हणण्याआधी कुठे घासते आणि केव्हा घासते, हे विचारायला एक मिनिट लागते. मला ते तिसऱ्या डॉक्टरांनी विचारले.